चांदवी नावाचा मासा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, विश्वासला तर नाहीच — आणि खरं तर विश्वासला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ते पुस्तक पाहिलेलं नसेल, म्हणून असेल कदाचित.

पण आधी ते दिवस सांगू द्या. ते आठवले की मला अजून एका जागी बसवत नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. गावाला भला मोठा तलाव, त्यातले मासे धरून जगणारी ढिवरांची घरं, आणि त्या घरांत कवडूभाऊ — साठी उलटलेले, डावखुरे, शाळेची पायरी न चढलेले. पाण्यावर बुडबुडा उठला तरी खाली कोण आहे ते सांगायचे. मी वर्गात ज्या माशांची नावं घोकून घेत होते, त्यातला एकही त्या तलावात नव्हता. आणि तलावात होते त्यांना कुठल्या पुस्तकात जागा नव्हती. मग आपणच करू की पुस्तक, असं मी एकदा बोलून गेले.

आम्ही तिघं होतो. कवडूभाऊ सांगायचे, मी लिहायचे, आणि विश्वास चित्रं काढायचा. विश्वास ब्रह्मपुरीला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, हातात विलक्षण कला, आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणार. हसू नका, नाव त्याच्या वडिलांनी ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी तो सायकल दामटत यायचा आणि आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैठक मारायचो.

नियम एकच, आणि तो कवडूभाऊंचा. लिहिलेलं प्रत्येक पान पाळीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. जाळी सुकवणारे पुरुष, मासे निवडणाऱ्या बाया — कुणीही मध्येच अडवायचं. "तसं नाई होय बाई, शिंगूर चिखलात राह्यते. तुमी त्याले वर काऊन तरंगवून राह्यल्या?" की चालली माझ्या पानावर फुली. सगळ्यांना पटलं की कवडूभाऊ माझं पेन डाव्या हातात घ्यायचे आणि पानाखाली एक गळ, मासे धरायचा आकडा, काढायचे. सही येत नव्हती, गळ येत होता. गळ पडला की पान पक्कं. पुस्तक माझ्याच अक्षरात जसंच्या तसं छापायचं आणि प्रत्येक पानाखाली तो गळही ठेवायचा, ही कल्पना विश्वासची.

काय सांगू तुम्हाला त्या भांडणांची मजा. मरळीच्या एका पानावर तीन रविवार गेले. शेवटी जनाबाई, कवडूभाऊंची भावजय, टोपलीतून मान वर न करता म्हणाली, "पिल्लं घेऊन फिरते तवा पानी शिजल्यावानी दिसते, येवढंच लिवा ना." विश्वासनं माझं अख्खं पान फाडलं, तेवढं एक वाक्य ठेवलं, आणि आम्ही वेड्यासारखे हसत सुटलो. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले. चार डोकी एका वाक्यावर वाकली की काय होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग माझं बिनसलं कुठे?

हे वाक्य जनाबाईचं, ते चित्र विश्वासचं, तो मासा कवडूभाऊंचा — सगळ्यांना आपापलं बोट दाखवता येत होतं. आणि माझं काय? अक्षर. "बाईचं अक्षर मोठं सुंदर," लोक म्हणायचे. मी हसायचे आणि आतून जळायचे. हो, जळायचे. आता कशाला लपवू?

छापखान्यात पानं द्यायच्या आधीच्या रविवारी विश्वास नातलगाच्या लग्नाला आरमोरीला गेला. बैठक झालीच नाही. दुपारी मी घरी वही उघडली आणि — एक मासा तयार केला. चांदवी. धान लोंबीवर आलं की काठाच्या उथळ पाण्यात येणारी, कल्ल्यावर चंद्रासारखा गोल ठिपका असलेली. वर्षातली पहिली चांदवी जाळ्यात आली तर बाया तिला सोडून देतात, असंही लिहिलं. कवडूभाऊंच्या बोलीत. दोन वर्षांत ती माझ्या जिभेवर बसली होती. एकही खाडाखोड नाही. आणि शेवटी पानाखाली मी गळ काढला. लाज वाटली का? नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

"तू नव्हतास तेव्हा पाळीवर वाचलं, गळ पडला," मी विश्वासला सांगितलं. त्यानं एका बैठकीत तिचं चित्र काढलं. इतकं देखणं, की तेच मुखपृष्ठ झालं.

पुस्तक आलं. पाळीवर सारा मोहल्ला जमला, प्रती हातोहात फिरत होत्या, बाया आपापली वाक्यं शोधून एकमेकींना दाखवत होत्या. विश्वासनं मोठ्या हौसेनं मुखपृष्ठावरच्या माशाचं पान वाचायला घेतलं. वाचून झालं तशा बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग जनाबाई म्हणाली, "भाऊजी, हा कोनता मासा जी? मी तं जनमात नाई पाह्यला."

कवडूभाऊंनी पुस्तक हातात घेतलं. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. ते पानाखाली पाहत होते, बराच वेळ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हाये. माया बापानं दाखवला होता मले. लहान होतो मी." विश्वासला तेवढं पुरलं.

तेव्हा बोलता आलं असतं. सगळी माणसं समोर होती. मी पेढे वाटत राहिले.

त्यानंतर पाळीवर त्यांची थट्टा सुरू झाली. "काऊन कवडूभाऊ, चांदवी गावली का?" आधी हसत, मग सवयीनं. माशाबद्दल ज्या माणसाचा शब्द शेवटचा असायचा, त्याला कुणी काही विचारेनासं झालं. पुढच्या वर्षी आम्ही पाणपक्ष्यांचं पुस्तक धरलं. कवडूभाऊ आले, नेहमीच्या जागी बसले. पहिलं पान वाचून झालं, सगळ्यांना पटलं, मी पेन पुढे केलं. त्यांनी हात मांडीवरून उचलला नाही.

"तुमीच काढा बाई," ते म्हणाले. "तुमाले येते."

आणि मी काढला.

कवडूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. माशांचं पुस्तक पुन्हा छापलं गेलं, मुखपृष्ठ तेच. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र तेच, असं विश्वास अजून म्हणतो. त्या पुस्तकात पानोपान गळ आहेत, डाव्या हातानं काढलेले, सगळे डावीकडे वळलेले. एकच उजवीकडे वळलेला आहे. तो माझा.