बाई, चार माग आणि कुंकवाची सीडी

बाईंच्या कपाळावरचं कुंकू जुन्या बंद्या रुपयाएवढं होतं आणि सोलापूरच्या ऐन मे महिन्यातही ते ओघळायची हिंमत करत नसे. बाई विधवा होत्या. नव्याने भेटणारा माणूस आधी कपाळाकडे बघायचा, मग कुणीतरी त्याच्या कानात सांगायचं, मग तो पुन्हा कपाळाकडे बघायचा. त्या दुसऱ्या बघण्याची बाई वाटच पाहत असत. "नवरा गेला. कपाळ हितंच हाय की," एवढं बोलून त्या कामाला लागायच्या. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. एकदा त्याच आपणहून म्हणाल्या, "दहाव्याला पुसलं. अकराव्याला मी परत लावलं."

त्या मूळच्या मोडनिंबच्या, शेतकरी घरातल्या. शहरातल्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात त्यांनी अठरा वर्षं तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवला. कायम कुणी केलं नाही, आणि एका जूनमध्ये यादीत नावच आलं नाही. म्हणून त्या आठवड्यातून दोन दिवस आमच्या कारखान्यातले कॉम्प्युटर बघायला येऊ लागल्या. शिकवताना त्या पुस्तकातलं मराठी बोलत आणि भांडताना मोडनिंबचं. आमच्याकडे त्यांचं पुस्तकातलं मराठी फारसं कुणी ऐकलं नाही.

आमचा कारखाना टॉवेलचा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. तेलुगू विणकरांचं जुनं घराणं. खाली माग आणि वर बिऱ्हाड. वर अण्णांची आई राहते, तिला आख्खा कारखाना अव्वा म्हणतो. नक्षीच्या टॉवेलचे चार जकार्ड माग एका कॉम्प्युटरवर चालतात. कुठला धागा वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, हे तो सांगतो आणि त्याच्या पोटातलं एक कार्ड ते मागापर्यंत पोचवतं. नक्षी काढतो मी. म्हणजे ते चार माग बंद तर चार विणकर घरी आणि पाचवा मी.

बाईंना दोन शब्द वर्ज्य होते, "नवीन घ्या." कुणी ते उच्चारले की त्यांच्या नाकपुड्या फुगत. "नवीन घ्या हे काय उत्तर हाय व्हय? ते पळून जाणं झालं," असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, कारण ते शब्द उच्चारणारा पहिला मीच होतो. एका सोमवारी त्या चार मागांचा कॉम्प्युटर धूर काढून गेला. ज्या कंपनीकडून माग घेतले तिच्या माणसाने फोनवर सांगितलं, "सर, ते मॉडेल आम्ही सोडून दिलं. कंट्रोलर नवीन घ्या." नव्याची किंमत ऐकून अण्णा खुर्चीत बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी भंगारवाल्याशी बोलून टाकलं होतं: पुढच्या सोमवारी माग न्यायला ट्रक. मंगळवारी बाई आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोमवार म्हंजी अजून सहा दिवस हायत की. रडताय कशाला?"

अडचण अशी होती. कार्ड धुरातून वाचलं होतं आणि दुसरा जुना कॉम्प्युटर मिळाला, पण त्याला चालणारा कर्नेल आमच्या कार्डाला ओळखेना, आणि कार्डाला ओळखणारा जुना कर्नेल त्या कॉम्प्युटरवर उठेना. कर्नेल म्हणजे काय, असं अण्णांनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, "घरातली थोरली जाऊ. कोण कुटं बसणार, कुणाला काय वाढायचं, सगळं तिच्या हातात. तिनं वळख दिली न्हाय तर पाव्हणा दारातच उभा." आता त्या स्वतःच थोरली जाऊ घडवणार होत्या. नव्या कर्नेलच्या मजकुरात, म्हणजे त्याच्या लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, आमच्या कार्डाचा मजकूर मिसळायचा आणि सगळं मिळून मशीनकडून नव्याने बांधून घ्यायचं. याला कॉम्प्युटरवाले बिल्ड म्हणतात. आमच्या त्या जुन्या डब्यावर एका बिल्डला तीन तास लागत.

कार्डाचा मजकूर होता एका सीडीवर आणि सीडी होती अव्वाच्या देवघरात. माग आले तेव्हा कंपनीच्या माणसाने अण्णांच्या वडिलांना सांगितलं होतं, "ही जपा, यात मागांचा जीव आहे." त्यांनी ते शब्दशः घेतलं. खंडेनवमीला मागाला, पान्याला, कात्रीला हळदकुंकू लागतं, तसं दरवर्षी सीडीलाही लागलं, तेही चकाकणाऱ्या बाजूला. देवाचं तोंड कुठलं, याबद्दल घरात दुमत नव्हतं. वडील गेल्यावर अव्वाने ते सुनेच्या हातून चालू ठेवलं. पूजेला ती स्वतः हात लावत नसे. तिचं कपाळ मोकळं होतं.

मंगळवारी ती सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम बाईंनी मला दिलं. उतरवताना दोनदा ती अडली आणि पडद्यावर काहीतरी विचारणा आली. मी दोन्ही वेळा "इग्नोर" दाबलं. आपण सगळे तेच दाबतो.

बाईंची कामाची रीत म्हणजे वही. लांबट, कापडी पाठीची वही. एका बिल्डला एक पान आणि एका पानावर एकच बदल. दोन बदल सुचले तरी दुसरा पुढच्या पानावर. मी एकदा म्हटलं, "बाई, वेळ नाही, पाच-सहा एकदम करून टाका." त्या म्हणाल्या, "आन् मग कशानं बिगडलं ते तुमी सांगणार का?" बिल्ड कोसळलं की पडद्यावर शेकडो तांबड्या ओळी धावायच्या. मी शेवटची वाचायचो, बाई सरकत सरकत पहिलीपर्यंत वर जायच्या. "पयली चूक नवरदेव. बाकीचं सगळं वऱ्हाड. त्याला धरा, वऱ्हाड आपुआप उठतंय."

बिल्ड चालू असताना त्या मशीनकडे बघतही नसत. डबा उघडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढायच्या, समोर जो असेल त्याला अर्धी द्यायच्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे गेले. जुना मजकूर, नवा कर्नेल, बोली बदललेली. बाई एकेक शब्द बदलत होत्या आणि चुका कमी कमी होत होत्या. एक मात्र हटेना. दर वेळी त्याच फाइलपाशी बिल्ड मान टाकायचं.

शनिवारी त्यांनी वही माझ्यासमोर टाकली. "चूक जागा बदलत आसंल तर मशीन तापलंय समजावं. पण ठाण मांडून एकाच जागी बसली आसंल तर ती माणसानं केलीय. ही फाइल मधीच तुटलीया. मी तोडली न्हाय. मंगळवारी सीडी उतरवताना काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. हेच उत्तर मी बुधवारीही दिलं होतं. बाईंनी वहीतल्या त्या फाइलच्या नावावर बोट ठेवलं. मग मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता मोडनिंब आख्खं अंगावर येतंय. त्यांनी फक्त पेन पुढे केलं. "वहीत लिवा. तुमच्या हातानं." मी लिहिलं: "उतरवताना दोनदा इग्नोर दाबलं. विचारल्यावर खोटं बोललो." त्या आठवड्यातलं ते एकच पान माझ्या अक्षरात आहे. अजून उघडलं की लाज वाटते.

सीडी पुन्हा काढली. चकाकणाऱ्या बाजूवर इतक्या वर्षांचं हळदकुंकू बसून घट्ट झालं होतं. बाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "धुवाया पायजे." त्यावर अव्वा देवघराच्या दारात उभी राहिली. म्हातारी एरवी मोठ्याने बोलत नाही.

"कुंकू पुसायचं नाही. त्यांनी लावलेलं आहे ते."

अण्णा चुळबुळले. "बाई, राहू द्या. सोमवारी ट्रक येतोच आहे."

बाई अण्णांकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्या अव्वाला म्हणाल्या, "अव्वा, तुमचं पुसलं तवा ह्या घरात कोण आडवं आलं?"

असलं वाक्य मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. अण्णांचा चेहरा उतरला. बाईंनी आवाज खाली आणला. "माझ्या वेळंला बी कुणी आलं न्हाय. बायकांचं पुसताना कुणाचा हात आडत न्हाय, आन् ह्या चकतीला सगळे जपाया लागले. मला हे पुसू द्या. खाली चार माणसांची चूल हाय."

अव्वाने सीडीकडे पाहिलं. मग आत गेली. संपलं, असं मी समजलो. ती बाहेर आली ती कोमट पाण्याचं पातेलं आणि धुतलेलं मऊ धोतराचं फडकं घेऊन. धोतर कुणाचं होतं ते विचारायची गरज नव्हती. बाईंनी सीडी मधून कडेकडे, हलक्या हाताने पुसली. पाणी लालपिवळं झालं. अव्वाने ते तुळशीत ओतलं.

त्या दिवशी सीडी सबंध उतरली. रविवारी रात्री बिल्ड पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं. आम्ही टाळ्या पिटल्या, कॉम्प्युटर नव्या कर्नेलवर चालू केला आणि चार ओळी दाखवून तो गारठला: डिस्कच सापडत नाही म्हणे. बाईंनी कपाळावर हात मारला, अर्थात कुंकू सांभाळून. डिस्क वाचायची अक्कल त्यांनी कर्नेलच्या आत न बांधता बाहेर, डिस्कवरच ठेवली होती. "घराची किल्ली घरात ठिवली आन् दार वढून घेतलं!" त्यांनी वही घेऊन स्वतः लिहिलं: "चूक माझी." दुसऱ्याला लिहायला लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, स्वतः लिहिणारी ही एकच.

सोमवारी सकाळी त्यांनी नवं बिल्ड लावलं आणि दहा वाजता ट्रक आला. बिल्ड संपायला एक वाजणार होता. अण्णा म्हणाले, "बाई, मी माणसाला शब्द दिलाय."

"मी बी दिलाय."

"कुणाला?"

"मला."

आणि त्यांनी खुर्ची ओढून मागाच्या शेडच्या दारात, बरोबर मधोमध टाकली. भंगारवाल्याने आधी अण्णांकडे पाहिलं, मग त्या कपाळाकडे, आणि इंजिन बंद केलं. बाईंनी त्यालाही अर्धी भाकरी दिली. त्याला चटणी आवडली, तो एक वाजेपर्यंत थांबायला तयार झाला. एक वाजून गेल्यावर कॉम्प्युटर नव्याने उठला. ओळी धावल्या, काल गारठला होता ती जागा ओलांडली आणि खाली आमच्या कार्डाचं नाव आलं. थोरल्या जावेने पाहुण्याला ओळखलं. पहिला माग खडखडला, दुसरा, मग उरलेले दोन. टॉवेलावर माझे मोर चढायला लागले. मी विणकरांसमोर रडलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. अव्वा जिन्यात येऊन उभी होती. "चारही?" तिने विचारलं. "चारी बी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. "चालू झालं. तुमाला कळवावं म्हणलं."

पुढे गुडघे धरले तशा बाई मोडनिंबला भावाकडे राहायला गेल्या. जाताना वही माझ्या हातात दिली. वर्षभरात तो कॉम्प्युटरही गेला. मी घाबरून फोन केला तर पलीकडून, "वही उगडली का?" एवढं विचारून त्यांनी तो ठेवून दिला. मी वही उघडली. दुसऱ्या एका डब्यावर मला अकरा बिल्ड लागले, दर पानाला एक बदल. माग चालू झाले तेव्हा मी परत फोन केला. "आता म्हणा नवीन घ्या," त्या म्हणाल्या आणि खूप हसल्या. ते शेवटचं बोलणं.

यंदा संक्रांतीनंतर त्यांच्या भावाचा फोन आला. अण्णा गाडी काढत होते तोवर अव्वा जिना उतरून मागच्या सीटवर बसली होती. मोडनिंबला अंगणात बाईंना ठेवलं होतं. नवं लुगडं, हार, सगळं होतं. कपाळ मात्र धुवून पुसून स्वच्छ केलं होतं. त्या कोऱ्या कपाळाने मला बाई ओळखूच येईनात. अव्वाने कमरेची चंची सोडली आणि आतून कुंकवाची डबी काढली. बायकांत कुजबुज झाली. एक वयस्कर बाई पुढे होऊन म्हणाली, "आवो, त्यास्नी चालत न्हाय."

"तिला चालत होतं," अव्वा म्हणाली आणि खाली वाकून रुपयाएवढं लावलं. कुणीही आडवं आलं नाही.

परतताना हायवेचे ट्रक शेजारून जात होते. अव्वाच्या बोटाला कुंकू उरलं होतं. तिने ते पदराला पुसलं नाही. बोटाकडे पाहिलं आणि ते स्वतःच्या कपाळावर टेकवलं. अण्णांनी आरशात पाहिलं आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

"अम्मा..."

"चालव की," अव्वा म्हणाली. "माग चालू आहेत."