आत्याचे दोन डबे

आमची आत्या हट्टी आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती खूश होते. कॉलेजच्या कीटकसंग्रहात ती शिपाई. काम काय, तर फडकं मारायचं आणि डांबरगोळ्या बदलायच्या. पण पानभुंगेऱ्यांच्या कपाटाला चोवीस वर्षं फडकं मारता मारता तिने ते अख्खं कुळ तोंडपाठ केलं. कुणाची अळी स्वतःचीच विष्ठा पाठीवर घेऊन फिरते, कोण मुळं कुरतडतो, कोण जाड मांड्यांवर पिसवेसारखा उडतो, काहीही विचारा. फक्त जेवताना विचारू नका.

टाचणीवरच्या प्रत्येक भुंगेऱ्याखाली ती त्याच्या खाण्यातल्या पानाचा तुकडा टोचायची.

नवे विभागप्रमुख आले. पानांना बुरशी धरते, काढून टाका म्हणाले. शिवाय दोन डब्यांतले निळे भुंगेरे हुबेहूब सारखे, एक वांग्यावरचा, दुसरा रानवेलीवरचा. "जात एकच. एका डब्यात घाला."

आत्याने दोन बरण्या आणून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. वांग्याच्या अळ्यांना रानवेल, रानवेलीच्या अळ्यांना वांगं. चौथ्या दिवशी निम्म्या मेल्या होत्या. पानाला एक भोक नव्हतं.

"उपाशी मेल्या, पण तोंड लावलं नाही," आत्या म्हणाली.

"एवढ्यावरून जात वेगळी ठरत नाही, बाई."

"मग एक आहे हे तरी कुठे ठरलंय, साहेब? एकदा मिसळल्यावर निवडणार कोण? माझ्या हातून होणार नाही."

दुसऱ्याच दिवशी उत्तरपत्रिकांच्या गोदामात बदली. मला इतका संताप आला! घरी आत्या मात्र शांतपणे यादी लिहीत बसली. जाण्याआधी चार्ज द्यावा लागतो ना, त्याची. एकेक डबा, एकेक भुंगेरा, खालच्या पानासकट.

आठवड्याने साहेबांनी एकशे बारा कागदांची यादी न वाचताच सही ठोकली. पीडा टळली म्हणून हसलेही.

महिन्याने त्यांनी डबे एकत्र करायला काढले, तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाने यादी पुढे केली. "साहेब, तुमच्या सहीने डबे दोन आणि पानं तीनशे चाळीस ताब्यात आहेत. एक जरी कमी भरलं, तर लेखी खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल."

डबे अजून दोनच आहेत. बुरशी धरू नये म्हणून पानांवरून कुंचला साहेब स्वतः फिरवतात.