आकांक्षाला कोणी सांगायचं

राणीच्या बागेत दर मे महिन्यात मुलांचं शिबिर भरतं. त्याची मुख्य प्रशिक्षक अक्षदा गमरे. माझं नाव कालिंदी. मी तिच्या हाताखाली काम करते, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

अक्षदा परळच्या चाळीत वाढली, अजून तिथेच राहते; ती आणि तिची आई, सुभद्रामावशी. लग्न केलं नाही. वर्षभर माटुंग्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षा संपल्या की गळ्यात शिट्टी अडकवते, उन्हाने विटलेली टोपी घालते आणि आमच्या सगळ्यांच्या आधी बागेच्या फाटकाशी येऊन उभी राहते. पहिल्या दिवशी ती मुलांना कुठलाच प्राणी दाखवत नाही. मोठ्या झाडाखाली बसवते आणि म्हणते, "वर बघा, पण बोलू नका." थोड्या वेळाने एखाद्याच्या लक्षात येतं, की वर फांद्यांना लटकलेली काळी फळं हलतायत. मग एकच गलका, "ताई, वटवाघळं!" त्यानंतरचा आठवडा मुलं तिची असतात.

तिचा एक नियम होता. मुलांशी खोटं बोलायचं नाही. माकडाचं पिल्लू दिसत नसेल आणि कोणी विचारलं, तर ती सरळ सांगायची, "मेलं ते." आम्ही इतर जण "डॉक्टरकडे नेलंय" म्हणून वेळ मारून न्यायचो. ते तिला खपायचं नाही.

गेल्या वर्षीच्या शिबिरात आकांक्षा नावाची एक मुलगी होती. चौथीतून पाचवीत गेलेली, दोन घट्ट वेण्या, कमी बोलणारी. मूळची कणकवलीची. तिची आई प्रिती परळच्या हॉस्पिटलात उपचारासाठी होती, वडील हितेंद्र तिच्याबरोबर तिथेच असायचे, आणि ही पोर लालबागला मामाकडे. मामा, निलेश परब, नाव नोंदवायला आला तेव्हा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "घरात दिवसभर फोनकडे कान लावून बसते हो. इथे जरा रमेल."

ती रमली ती एका पेलिकनपाशी. बागेतली ती पेलिकन फार म्हातारी होती. चोचीखाली झोळी लोंबायची म्हणून आधीच्या कुठल्या तरी शिबिरातल्या मुलांनी तिचं नाव बटवेबाई ठेवलं होतं. इतर मुलं पेंग्विन बघायला धावायची. आकांक्षा बटवेबाईसमोर उभी राहायची. पक्षी बहुतेक वेळ एका जागी मान खुपसून बसलेला असायचा.

शिबिराच्या मधल्याच एका सकाळी बटवेबाई जागेवर नव्हती. रात्री वय होऊन मेली होती. अक्षदाने सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं.

नील नावाचा एक छोटा मुलगा म्हणाला, "म्हणजे देवाघरी गेली?"

"तुझ्या घरी तसं म्हणत असतील तर म्हण," अक्षदा म्हणाली. "मला एवढंच ठाऊक आहे, की आता तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही, आणि ती परत येणार नाही."

नील रडायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं-तिघं रडली. आकांक्षा रडली नाही. तिने हात वर केला.

"ती मेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

अक्षदाला माहीत नव्हतं. ती उठली, पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या काकांना जाऊन विचारून आली, मग म्हणाली, "काका होते. संध्याकाळपासून तिने मासा घेतला नव्हता, म्हणून ते घरी गेलेच नाहीत."

आकांक्षाने मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं.

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर बराच आरडाओरडा झाला. शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी अक्षदाला बोलावून घेतलं. "मॅडम, सुट्टीत मुलं मजा करायला येतात. असलं काही सांगत जाऊ नका." तिने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मुलांना कळत नाही असं या लोकांना का वाटतं गं?"

त्यानंतर दोनच दिवसांनी निलेशचा फोन आला.

आम्ही मुलांना शाडूच्या मातीचे पक्षी करायला बसवलं होतं. अक्षदाच्या हातांना माती होती, म्हणून फोन मी तिच्या कानाला धरला. त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू आलं. "प्रितीताई गेली हो मॅडम. आत्ताच. तुम्ही आकांक्षाला काही सांगू नका. मी येतोय न्यायला. तोवर तिला डबा खाऊ दे."

अक्षदा "हो" म्हणाली. मी फोन बाजूला घेतला, तरी तिचे मातीचे हात तसेच पुढे धरलेले. समोर आकांक्षा चोचीखालची झोळी नीट चिकटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाण्याचं बोट फिरवत होती. अक्षदा तिच्याजवळ गेली, बसली आणि झोळी चिकटवायला मदत करू लागली. मी बाकीच्या मुलांकडे वळले. मला तिकडे बघवेना.

डबा खाताना आकांक्षाने विचारलं, "ताई, मघाशी कुणाचा फोन होता?"

"तुझ्या मामाचा. तो तुला न्यायला येतोय."

"आज लवकर का?"

"तो आला की सांगेल."

अर्धी पोळी डब्यात ठेवून पोरीने झाकण लावलं.

निलेश आला तेव्हा चेहरा धुऊन आला होता, पण डोळे लालच होते. फाटकापाशी आल्या आल्या मोठ्याने म्हणाला, "चल गो बाय, गावाक जाऊचा हा. आईला बरं वाटतंय, डॉक्टरांनी घरी सोडलं. ती आणि बाबा गाडीने पुढे गेले. आपण मामीबरोबर मागून जायचं."

आकांक्षाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग वळून अक्षदाकडे.

"खरं ना, ताई?"

मी अक्षदाला इतकी वर्षं ओळखते. वात्रट पोरं, साहेब लोक, भांडखोर पालक, कुणासमोर तिचे शब्द अडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी अडले. ती म्हणाली, "कालिंदी, हिला जरा पाणी दे," आणि निलेशला चार पावलं बाजूला नेलं. मी पाणी दिलं, पण माझे कान तिकडेच होते.

"असं नका करू," ती म्हणाली. "रात्रभर गाडीत ती विचारत राहील. काय सांगाल?"

"भावोजी बघतील गावाला गेल्यावर."

"गावाला दारात माणसं जमलेली असतील. ती गाडीतून उतरतानाच बघेल. असं कळू द्यायचंय तिला?"

निलेश तिथेच फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला. चांगला दणकट माणूस, पण रुमालात तोंड घालून हमसायला लागला. "माझ्याच्याने नाही होणार हो. तुम्हीच सांगा. ती घरी म्हणायची, आमची ताई खोटं बोलत नाही. तुमचं ऐकेल ती."

अक्षदा आकांक्षाला हाताला धरून घेऊन आली, मामाशेजारी बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामाला बोलता येत नाहीये, म्हणून मी सांगते. तुझी आई आज सकाळी गेली."

"गेली म्हणजे? गावाला?"

पक्ष्याबद्दल, माकडाच्या पिल्लाबद्दल तो शब्द अक्षदा सहज बोलायची. कुणाच्या आईबद्दल आपल्यात कोणी तो शब्द वापरत नाही. वापरवत नाही. तिने पोरीचे दोन्ही हात धरले.

"नाही बाळा. आई मेली."

रस्त्यावरून बस गेली. फाटकावर तिकिटांची रांग पुढे सरकत होती. आकांक्षाने मामाकडे वळून विचारलं, "आईजवळ कोण होतं?"

"बाबा होते," निलेश कसाबसा म्हणाला. "आईचा हात त्यांच्या हातात होता."

"मला बाबांकडे जायचंय."

ती उठली. रडली ती टॅक्सीत बसल्यावर; काचेतून आम्हाला दिसलं. तिचा मातीचा पक्षी वाळायचा होता, तो फळीवरच राहिला. शिबिर संपल्यावर मी त्यासाठी निलेशला फोन केला. म्हणाला, येतो. आला नाही. आम्हीही पुन्हा विचारलं नाही.

शिबिर संपलं, शाळा सुरू झाल्या. आपण योग्य तेच केलं असं अक्षदाला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

जूनच्या शेवटी एका दुपारी तिला हितेंद्रचा फोन आला. आकांक्षाचे वडील. त्याआधी ती त्यांच्याशी कधीही बोलली नव्हती. त्यांचं बोलणं तिने नंतर मला दादरला चहा पिताना जसंच्या तसं सांगितलं. सुरुवातीला ते अगदी शांतपणे, शुद्ध मराठीत बोलत होते.

"मॅडम, आपण वाचत नाही हे प्रितीला आधीच कळलं होतं. तिनेच मला सांगून ठेवलेलं, पोरीला तूच सांग, जवळ घेऊन सांग. तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. मी ते कसं सांगायचं हे कितीतरी दिवस मनात जुळवत होतो. त्या दिवशी गावाला जाताना गाडीत प्रितीच्या अंगावरची चादर नीट करत मी तेच घोकत होतो. घरी पोचलो. मागच्या गाडीतून पोर उतरली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, बाबा, मला माहितीय, ताईने सांगितलंय. आणि मलाच थोपटायला लागली."

अक्षदा म्हणाली, "माफ करा मला. मी..."

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. निलेशनेच तुम्हाला सांगायला लावलं, तेही कळलंय." मग एकदम ते गावच्या बोलीवर आले. "पण माझ्या पोरीक, माझ्या चेडवाक मीच सांगूक होया होता."

आणि त्यांनी फोन ठेवला.

अक्षदाचा चहा गार झाला होता. "कालिंदी," ती म्हणाली, "मला फक्त ती पोर दिसत होती गं. तिला बाप आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग तिने मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिचे वडील, सीताराम गमरे, गिरणी बंद पडल्यावर गोदीत हमाली करायचे. अक्षदा दुसरीत असताना तिथेच अपघातात गेले. तिला शीवला मावशीकडे पाठवलं, आणि परत आल्यावर सांगितलं, बाबा खेडला गावी गेलेत. ती रोज संध्याकाळी चाळीच्या जिन्यात जाऊन बसायची. दिवाळी गेली. शेवटी नळावरच्या भांडणात शेजारची एक मुलगी म्हणाली, "तुला तर बाप पण नाही." असं कळलं तिला.

त्याबद्दल आईला ती एका शब्दानेही कधी बोलली नव्हती. हितेंद्रच्या फोननंतर त्या संध्याकाळी पहिल्यांदा विचारलं. सुभद्रामावशी भाजी निवडत होत्या.

"आई, बाबांचं तू मला का नाही सांगितलंस?"

मावशींनी मान वर केली नाही. "रोज सांगायला घ्यायचे," त्या म्हणाल्या. "तू समोर यायचीस आणि म्हणायचीस, आई, भूक लागली. मग मी भाकरी थापायला बसायचे. एकदा राहिलं, दोनदा राहिलं. मग किती दिवस झाले म्हणून सांगायची भीती वाटायला लागली." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू अजून धरून बसलीस ते?"

अक्षदा "नाही" म्हणाली. हे सांगताना ती माझ्याकडे बघून कसनुशी हसली. "बघ, खोटं बोलले ना."

यंदाच्या मे महिन्यातही ती शिबिराला आली. मला वाटलं होतं, येणार नाही. मुलांना झाडाखाली बसवलं, वटवाघळं दाखवली, सगळं पूर्वीसारखं. एका दुपारी म्हातारं चितळ मेल्याचं आम्हाला कळलं. मुलं तेव्हा घरी गेलेली होती. अक्षदा बाकावर बसली आणि एकेका पालकाला फोन करू लागली.

"उद्या मुलं विचारतील. मी त्यांना खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी घरी सांगायचं असेल तर आज सांगा."

ऊन उतरेपर्यंत ती फोन करत होती. पाण्याची बाटली भरून मी तिच्याजवळ जाऊन बसले. शेवटचा फोन झाल्यावर तिने शिट्टी गळ्यातून काढून मांडीवर ठेवली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"दोन घरं म्हणाली, आम्ही सांगतो. बाकी सगळे म्हणाले, तुम्हीच सांगा."