मंगळसूत्रातली पिन

त्या दिवशी सकाळीच माझ्या मंगळसूत्राची तार तुटली. आमच्यात तुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी काहीच म्हणाले नाही. मानेमागं दोन्ही टोकं एका पिनेत अडकवली आणि वरून पदर घेतला. मालक सीमेवर होते, बरेच दिवस फोन नव्हता.

दुपारी जीपमधून एक मुलगी आली. कुंडलच्या पुढं आमची वस्ती आहे, मागं मोकळा माळ, वर विजेच्या तारा नाहीत. तिला तिथं तिपाईवर यंत्र मांडायचं होतं. मी आत चहा करत होते. सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, तिला सगळं विचारून घेतलं. वरून उपग्रह फिरतात, पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात, त्यावरून संगणकावर साऱ्या पृथ्वीचा एक नकाशा होतो. तो जमिनीवर ताडून बघायचा, हे तिचं काम.

"आन उपेग काय त्याचा?"

"होकायंत्राची सुई जरा बाजूला दाखवते, आजी. खरी उत्तर दिशा त्या नकाशावरून काढतात. सैन्यालाही लागतो."

"माझा ल्योक सैन्यातच हाय."

मी चहा घेऊन बाहेर आले.

तिच्याबरोबर येणारा माणूस आजारी पडला होता. यंत्रावर ऊन नको म्हणून तिनं मलाच दोन्ही हातांत लुगडं ताणून उभं केलं. लोखंड जवळ नको म्हणून जीप लांब लावली होती, विळा घरात नेला, आत्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या. तरी यंत्रातला आकडा ठरेना, दर वेळी वेगळा यायचा.

"काकू, अंगावर काही लोखंडी आहे का? सोनं चालतं. पिन वगैरे?"

पिन काढली तर मणी पायाशी सांडणार, तेही मालक सीमेवर असताना. नाही काढली तर आकडा चुकणार, नकाशा चुकणार, आणि कुठल्या तरी डोंगरात ते भलत्या बाजूला वळणार. आत्या माझ्याकडं वळल्या.

"मुक्यावानी काय हुबी हायस? बोल की!"

"पिन हाय, आत्या. वाढवलंय."

"कवा?"

"सकाळी."

"आन आता सांगतीस व्हय, शहाणे!" आवाज चढला, पण चेहरा पार उतरला होता.

"माझं हात गुतल्यात. टोकं तुमी धरा."

त्या मागं सरकल्या. सासरे गेल्यापासून त्या सवाष्णीच्या मंगळसूत्राला हात लावत नाहीत. "माझा हात नगं गं त्याला."

"तुमी त्यांची आई हायसा," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

त्या आल्या. पिन काढून मुलीकडं दिली, ती तिनं जीपमध्ये ठेवली. आत्यांनी दोन्ही टोकं माझ्या मानेमागं चिमटीत धरली. बोटं गार पडली होती. मुलीनं यंत्राला डोळा लावला, आकडा वाचला, थांबून पुन्हा वाचला. तोच आला. "झालं," ती म्हणाली. पिन परत येईपर्यंत आत्यांनी चिमूट सोडली नाही.

पुढं एकदा मालकांचा फोन आला. मी आधी विचारलं, "आवं, तुमचं होकायंत्र नीट दावतंय न्हवं?"

"दावतंय की. का गं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. आत्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी त्यांना मानेनंच सांगितलं, नीट दावतंय.