दाताखालचा दाणा

धान्य वाचवतो तो देश वाचवतो. हे वाक्य माझंच. ऐंशीनंतरच्या वर्षांत संगमेश्वरच्या आसपास धान्य साठवणीचा प्रचार करायची सरकारी नोकरी मी केली, आणि हे वाक्य लोकांच्या खळ्यांत उभं राहून इतक्यांदा म्हटलं, की शेवटी मलाच ते पटलं. मी स्वतः काय वाचवलं—ते मात्र आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

तिकडे बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून ठेवत. त्याऐवजी आम्ही पत्र्याची कोठी देत होतो—झाकण लावलं की टोक्यांना, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या किड्यांना, वाट नाही. टोके भाताबरोबरच आत जातात, हे भाषणात बसत नसे. वाडीतली पहिली कोठी पार्वतीवहिनींना मिळाली. नवरा मुंबईला, घरात त्या आणि सासू. मोठे साहेब येणार, नारळ फुटणार, फोटो निघणार. हार तर कोठीलाही आणला होता.

चार दिवस आभाळ होतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "सायब, अजून दोन उन्हं दाखवाया हवीत. चावून बगा."

मी दाणा दाताखाली धरला. वाळलेलं भात कट्कन तुटतं. हे—चेपलं. कळलं नाही, असं म्हणू का? पण वळणावर जीप दिसत होती. मी म्हणालो, "कडक आहे. भरा."

वहिनी घुटमळल्या, तशी सासू करवादली, "तो शिकल्याला मानूस हाय. तुला काय कलतंय?"

भरलं.

पेरणीच्या तोंडावर कोठी उघडली. आतून ऊबट, आंबूस वाफ आली. पत्रा टोक्यांनी काळा झालेला. दाणा चिमटीत धरला की पीठ. त्या घरचं लाल भात—सासूच्या सासूपासून दरवर्षी राखलेलं. वाडीत दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी... मी म्हणालो, "भात नीट वाळवलं नव्हतं." कुणी, ते सांगायची गरज पडली नाही.

"माज्या सासूनं हातात दिल्यालं बियानं," सासू म्हणाली, "हिनं मारलान."

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दाण्याचं त्या बोलू शकल्या असत्या. का नाही बोलल्या? मला सांभाळून घेतलं? छे. बहुधा त्यांना वाटलं असेल, शिकलेल्या माणसाच्या दाताला तो कडकच लागला असेल.

सासू जिवंत होती तोवर तिने त्यांना बियाण्याला हात लावू दिला नाही. ती गेली तेव्हा हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाल भात मी चार गावांत शोधलं. पाचव्या गावात गेलो नाही.

अहवालात मी लिहिलं, 'कोठी निर्दोष.' ते खरंच होतं. अजून ती त्यांच्या पडवीत आहे. वहिनी तिच्यात चुलीसाठीच्या शेणी ठेवतात. शेणींना टोके लागत नाहीत.