ताईचा लेप आणि पाहुण्यांचा रस्सा

माझ्या बहिणीचं लग्न मी मोडता मोडता जमवलं, आणि हे आजवर चारचौघांत कधी बोललेलो नाही. (ताईला माहीत आहे, पण तिनं तोंड उघडलं तर तिचंच घर हलेल.)

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. ताईच्या गालांवर मुरुमं होती, आणि कागलच्या पाहुण्यांनी फोटो पसंत करून, 'तीन महिन्यांनी प्रत्यक्ष बघायला येतो' असा निरोप धाडला होता. आईबाबा तिला राजारामपुरीतल्या वैद्यबुवांकडं घेऊन गेले. बुवांनी पथ्य सांगितलं: मटण बंद, तिखट बंद, चहा बंद, रात्री वेळेत झोप आणि रोज दुधात वाटलेला लेप. मटण बंद म्हटल्यावर ताईपेक्षा बाबाच हादरले.

"पोरगीला आणि काय मोठं दुखणं हाय का, बुवा? खरं सांगा."

लेप वाटायचं काम माझ्याकडं आलं. तीन महिन्यांत गाल बऱ्यापैकी निवळले.

पाहुणे यायच्या दिवशी मटणाचा बेत ठरला. दहाला लाईट जाणार होती (भारनियमन तेवढं वेळेवर व्हायचं), म्हणून मिक्सरचं सगळं काम मी आधीच उरकलं. एकीकडं लेप: सोललेले बदाम, जायफळ, वाळा आणि बुवांनी दिलेली लोध्राची साल. दुसरीकडं पांढऱ्या रश्श्याचं वाटण: काजू, खसखस, ओलं खोबरं, आलं, मिरी आणि मूठभर लसूण. दोन्ही पांढरी, दोन्ही स्टीलच्या सारख्याच वाट्यांत. एक वाटी ताईला दिली, एक आईला. लसणाचा वास यायला पाहिजे होता हे खरं. पण त्या दिवशी आमच्या भिंतींनाही लसणाचाच वास होता.

पाच मिनिटांत न्हाणीतून ओरडा आला. "आई, तोंड पेटलंय माझं!"

ताई बाहेर आली. तिचे गाल लालभडक झाले होते. तांबड्या रश्श्यावरची तर्री त्यामानानं फिकी असते.

बाबा अनवाणीच निघाले. "बुवाला उचलूनच आणतो." मी त्यांच्या मागं पळालो. बाबांचा आवाज ऐकून बुवा दवाखान्यातले रोगी सोडून उठले, आणि बाबांच्या पुढं हात जोडले. "लोध्र जास्त पडलं असंल. चूक माझी." तोवर मलाही तसंच वाटत होतं. देवाशप्पथ.

दुपारी पंगत बसली. मी रश्श्याचा पहिला घोट घेतला. वाळा. मागोमाग जायफळ. तीन महिने रोज वाटलेला तो वास मी झोपेतही ओळखला असता. समोर मुलाच्या आईनं वाटी संपवून खाली ठेवली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. आता पाहुणे उठणार, ताई जन्मभर घरात बसणार, आणि मी घर सोडून राधानगरीच्या जंगलात जाणार, एवढं माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

"रस्सा कुणी केलाय?"

"पोरीनंच," आई बेधडक म्हणाली. (तिनं चाखलाच नव्हता, तिचा उपवास होता.)

"असला रस्सा जल्मात बघितला न्हाई. आमच्या ह्यांचं पित्त बसंल बघा ह्यानं." मग त्या ताईकडं वळल्या. "आणि पोरगी तर बघा की, नुसती लाजून लाल झालीया. आमच्याकडनं पसंत हाय."

लग्न झालं. पहिल्याच सणाला सासूबाईंनी सुनेकडं तोच रस्सा मागितला आणि ताईचा मला फोन आला. मी सगळं कबूल केलं. मग ती म्हणाली, "लोध्र किती घालायचं तेवढं सांग, मुडद्या."

तेव्हापासून बुवांकडनं लेपाची पुडी घ्यायची आणि कागलला पोचवायची, हे काम दर महिन्याला माझ्याकडं आहे. माझ्या चुकीपायी ज्यांनी हात जोडले, तेच ती पुडी बांधतात, आणि मी खाली बघून घेतो.

परवा बुवा म्हणाले, "वीस वर्षांवर झाली, तुमची ताई लेप लावतीया. एवढं चिवट मुरूम मी बघितलं न्हाई."

मी मान हलवली. ते मुरूम पिशवी घेऊन त्यांच्या समोरच उभं होतं.