एका ओझ्याला एक पान

भूत, चकवा, देवचार... यातलं मी आयुष्यात काही मानलेलं नाही. रानात एकट्यानं राहिलोय, मसणवट्याच्या कडेनं बैल हाकलेत. गावचा भगत मला बघून वाट बदलायचा, कारण मी चारचौघांत त्याची टर उडवायचो. शाळा चौथीपर्यंत, तीपण धड नाही. हे मोबाईलमध्ये बोलून टाईप करतोय. चुका असतील, पण सांभाळून घ्या म्हणणार नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतोय, पटलं तर वाचा.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या अलीकडं, हायवेला लागून. हायवेच्या कडेला पूर्वी आमची भाताची खाचरं होती. ती भावकीनं विकली. तिथं आधी गोडाऊन झालं, मग त्याच गोडाऊनला काचा लावून एक कॉम्प्युटरची कंपनी आली. नाव सांगत नाही. माझी एकुलती एक मुलगी वंदना तिथं कामाला लागली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पोरगी सायकलनं कामाला जाते, संध्याकाळी घरी येते... मला अजून काय पाहिजे होतं?

तिचं काम असं — कुठकुठल्या दवाखान्यांचे रिपोर्ट यायचे, प्रत्येक पेशंटची एक बारकी फाईल. त्या फाईली साठवायला पाच-सहा मशीन एकमेकींना जोडून एकच मोठं कपाट केल्यासारखं केलेलं. ते कपाट सांभाळायचं काम वंदनाचं. आणि त्या कपाटाला रोग लागला होता. सिनेमाएवढी मोठी फाईल टाकली की सुर्रकन आत. चिठ्ठीएवढी बारकी टाकली की अडकायची. आणि दवाखान्याच्या फाईली तर सगळ्या बारक्याच.

"असं कसं गं? हलकं ते आधी जायला पायजे."

"बाबा, वजनाचा प्रश्न नाय ना. फाईल केवढीपण असूदे, तिला दारात थांबायला लागतं. कुठं ठेवायची ते एका मशीनला विचारायचं, ठेवली का ते बाकीच्यांना विचारायचं, सगळ्यांनी हो म्हटलं की मग पुढची. मोठी फाईल एकदाच थांबते. या बारक्या लाखोंनी हायेत, प्रत्येकीला थांबायला लागतं."

"मग मोळी बांध की."

"बांधली. मोळी जाते पटकन. पण तिकडं सोडायला लागतेच ना? सोडली की परत एकेक थांबते. थोडं हळू असतंच ओ बाबा. पण एवढं नसतं. वायरी बदलल्या, डिस्क बदलल्या, एकेक मशीन बाजूला काढून बघितली. काहीच सापडत नाय."

हैदराबादच्या हेड ऑफिसातनं साहेबाचा रोज फोन. पावसाळा संपायच्या आत दुखणं काय आहे ते शोध, नाहीतर इथलं ऑफिस बंद, मशीनपण तिकडं आणि तूपण तिकडं. म्हणजे माझं घर रिकामं... पोरगी रात्री जेवता जेवता ताटात बोटानं रेघा मारत बसायची. मी काय करणार? मला भात लावता येतो, बांध घालता येतो. त्या मशीनपुढं मी म्हणजे ठोंब्या.

आता दुपारच्या डब्याचं सांगतो. भाकऱ्या मीच करतो, तांदळाच्या. बायको गेल्यावर हट्टानं शिकलो. स्टीलच्या डब्यात भाकरीला घाम सुटतो म्हणून मी ती पळसाच्या पानात गुंडाळतो आणि मग डब्यात घालतो. दुपारी चालत जाऊन डबा द्यायचा, ती जेवेपर्यंत गेटवर वॉचमन नसीरजवळ बसायचं. नसीर आमच्या गावचाच, फाटक्या तोंडाचा.

"काय काका, आज पण जावई न शोधता डबाच आणला?"

"तुझं लग्न झालं ते पुरे हाय रं गावाला."

वंदनाचं जेवण झालं की मी डबा घ्यायचो आणि ते तेलकट पान मागच्या भिंतीपलीकडं फेकायचो. ऑफिसात कचरा नको म्हणून. एवढंच.

एक दिवस वंदना म्हणाली, "बाबा, गंमत सांगू? दुपारी जेवण झालं की फाईली धडाधड जातात. तास-दोन तास. मग परत रडगाणं."

तिला वाटलं, सगळे जेवायला उठतात म्हणून मशीनवर भार कमी होत असेल. मग तिनं सगळ्यांना जागेवर बसूनच जेवायला लावलं. तरी दुपारी चाललंच. मी डोळे दाखवायला कर्जतला गेलो, त्या दिवशी मात्र दुपारपण अडकलेली. तिनं ते मला हसत हसत सांगितलं, "तुमचा पायगुण दिसतोय बाबा." मीपण हसलो.

मग ईद झाली. दुसऱ्या दिवशी नसीरनं घरून बिर्याणी आणलेली. म्हणून मी भाकरी केली नाही, नुसती लिंबाची फोड आणि कांदा डब्यात घालून गेलो. वंदना जेवली. थोड्या वेळानं बाहेर आली ती तोंड पाडून.

"आज दुपारीपण नाय चालत बाबा. तुमी आलात तरी."

का कोण जाणे, मी उठलो आणि भिंतीपलीकडं गेलो. एसीच्या पंख्यांच्या मागं माझ्याच पानांचा ढीग पडलेला, वाळलेला. आणि त्या ढिगाखाली ऐनाच्या झाडाचा बुंधा. तो बघितला आणि जागा ओळखली. आमचं खाचर इथं होतं हे मला माहीत होतं, पण नेमकी जागा मातीचा भराव टाकल्यावर मी हरवून बसलो होतो.

ही पाल्याच्या देवाची जागा. वरच्या वाड्यांवरनं बाजाराला उतरणारी पायवाट इथनं जायची. मूर्ती नाही, दगड नाही, ऐनाखाली नुसता पाल्याचा ढीग. ओझं घेऊन जाणाऱ्यानं थांबायचं, एक पान टाकायचं आणि पुढं जायचं. डोक्यावर लाकडाची मोळी असो नाहीतर करवंदाची टोपली, एका ओझ्याला एक पान. रिकाम्या हातानं टाकलेलं चालत नाही. माझ्या आईनं टाकलं, बापानं टाकलं. मी कधी टाकलं नाही. भाताचे भारे घेऊन ताठ मानेनं गेलो त्या ढिगावरनं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तिथंच पळसाचं एक रोप उगवलेलं. डबा हातात होताच. मी एक पान तोडलं आणि टाकलं. बघू तर खरं, एवढंच मनात. परत येतोय तोवर वंदना दारात.

"चाललं बाबा! आत्ता!"

घरी जाऊन चहा केला, तो हातातच गार झाला.

पुढं मी गुपचूप करून बघितलं. टोपलीभर पानं ओतली — एका पानाएवढंच चाललं. रिकाम्या हातानं गेलो — काही नाही. सकाळी एक डबा, दुपारी एक डबा असं केलं — पहिलंच पान लागू पडलं, दुसरं नाही. तास-दोन तासांनी फाईली पुन्हा दारात उभ्या. पावसाळा संपत आला. मग माझ्या टाळक्यात आलं की मी नेतो ते डब्याचं ओझं. खरं ओझं पोरीचं आहे. पान तिनं टाकायला पाहिजे.

हे तिला सांगणं म्हणजे... जाऊदे. सांगितलं. एका रविवारी, अंगणात, ती कपडे वाळत घालत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, "मी लहान असताना आजी मला पान टाकायला लावत होती. तुमी माझा हात धरून ओढत नेलंत. म्हणालात, माझी पोर पानांना भीत नाय. आठवतं?"

"आठवतं."

"मग?"

"मग काय? टाक एक पान. तुझं काय जातंय?"

"आणि साहेबाला काय लिहू बाबा? त्यांना कारण पायजे. पान टाकलं म्हणून चाललं, असं लिहू? त्यापेक्षा मला जमलं नाय असं लिहीन. ते खरं तरी हाय."

"कारण नको लिहू. नुसतं टाक."

"तुमी टाकलं असतंत का कधी, माझ्या जागी?"

पोरगी माझीच. तिच्या जागी मीपण हेच म्हटलं असतं, आणि वर चार शिव्या दिल्या असत्या. मनातनं म्हणत होतो, मोड गं एकदा माझा शब्द... पण तोंडातनं ते निघालं नाही.

दसऱ्याच्या आधी मशीन टेंपोत चढली. वंदनाला सोडायला मी कर्जत स्टेशनला गेलो. गाडी घाटाकडं वळेपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं भाकरी दोघांची झाली. डबा घेऊन निघालो, गेटवर पोचल्यावर कळलं. नसीर त्या बंद इमारतीची राखण करतोय अजून.

"काका, आता कोणाला?"

"तुला. गीळ."

दोघांनी खाल्ली. पान मी मागं जाऊन टाकलं. का टाकलं मला विचारू नका. संध्याकाळी वंदनाचा फोन — "बाबा, इकडंपण तसंच अडकतंय. पण आज दुपारी जरा चाललं. इथल्यांनी काहीतरी सेटिंग बदललं असेल."

मी म्हटलं, असेल.

मधे मला ताप आला, घरातच पडून होतो. त्या दिवशी फोनवर तिचा आवाज बसलेला. काहीच गेलं नाही म्हणाली, साहेब सगळ्यांसमोर बोलले. ताप असतानाच दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. संध्याकाळी म्हणाली, आज बरं होतं. मी तिला काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला ते बंद करायला लावेल, आणि मी ऐकीन याची मला भीती वाटते.

आता माझा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, मग बरेच दिवस घराबाहेर नाही. नसीर म्हणाला, "काका, मी टाकतो की. तुमचा डबा घेऊन जातो, तसंच टाकतो." मी त्याला पाठवून बघितलं. त्यानं मनापासून टाकलं, मला फोटोपण पाठवला. संध्याकाळी वंदनाचा फोन आला, आणि मी आवाजावरनंच ओळखलं.

वायर काढून नेली, मशीन नेली, पोरगी नेली, मग इथल्या भिंतीमागच्या पानाचा तिकडं काय संबंध? तीन शहाण्या माणसांना विचारलं. एक म्हणाला योगायोग, एक म्हणाला नारळ फोडा, एक नुसता हसला. मी अजून देव मानत नाही. त्या बुंध्यापुढं मी हात जोडलेले नाहीत, जोडणारपण नाही. ऑपरेशन पुढं ढकललंय, हातात काठी घेतलीय.

आज पण जाऊन आलो. रस्त्यावर दोनदा बसायला लागलं. पान टाकलंय... तिचा फोन अजून यायचा आहे.